राक्षस कोणत्या कुशीवर झोपतो

कोस्मे बारेयानं चौतीस वर्षं उब्रिकेत कातडी निवडली. पाकिटं, पट्टे, बायकांच्या पर्सा यांवरच चालणारं गाव ते. कातडं टेबलावर पसरायचं, हात फिरवायचा आणि कोणता भाग कशाला लावायचा ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. गाय कोणत्या बाजूनं कुंपणाला अंग घासायची, गोचिडी कुठं लागल्या होत्या, किती वेळा व्याली होती, हे तो नुसत्या हातानं ओळखायचा. मग कारखान्यात निवडीचं यंत्र आलं, पाठोपाठ कारखानाच बंद पडला. एकोणसाठाव्या वर्षी असल्या विद्येचं काय लोणचं घालायचं, ते मात्र त्याला कुणी सांगितलं नाही.

घरी बसून बसून तो टेबलावर मांडायच्या लढाईच्या खेळातले बोटभर उंचीचे प्लास्टिकचे राक्षस रंगवायला लागला. बायको पाकी म्हणायची, "जनावरांची सुटली, आता भुतांची कातडी! घरात एक भिंत रंगवशील तर शपथ." पण जवळच्या हेरेस शहरात असल्या मूर्तींचं दुकान चालवणाऱ्या तोबियासनं त्याचा एक राक्षस पाहिला आणि तो थक्क झाला.

"दुकानामागच्या खोलीत एक शनिवार वर्ग घ्या," तो म्हणाला. "लोकांना आवडलं तर दर महिन्याला घेऊ. नाही आवडलं तर राग मानू नका."

"छे, राग कसला! तेवढाच वेळ जाईल," कोस्मे म्हणाला. हे साफ खोटं होतं. आपल्या बोटांतली अक्कल अजून कुणाच्या उपयोगाची आहे का, याचा निकाल त्या शनिवारी लागणार होता. सकाळी त्यानं दोनदा दाढी केली.

सहा जण आले. त्यात अरासेली होती, औषधांच्या दुकानात काम करणारी, स्पर्धांत तीन पदकं मिळवलेली. दोन आठवडे खपून जवळजवळ पुरा केलेला राक्षस तिनं आणला होता. गुलाबी रंग एअरब्रशच्या बारीक फवाऱ्यानं इतका तलम चढवलेला, की जोड दिसू नये.

"मास्तर, मी फक्त शेवटचा हात शिकायला आलेय," ती म्हणाली. 'मास्तर' शब्दावर जरा जास्तच जोर होता.

कोस्मेनं टेबलावर कातड्याचे तुकडे ओतले. "आधी हे चाचपा."

"माझं पाकीट गेल्या वर्षी चोरीला गेलं, ते हेच का हो?" बस चालवणारा खिनेस म्हणाला. सगळे हसले.

मग कामाला लागले. बघावं तर अरासेली सोडून प्रत्येकानं आपल्या राक्षसाला डोक्यापासून पायापर्यंत सारखे चामखीळ दिले होते.

"हा राक्षस आहे की तिखट भुरभुरलेलं अंडं?" कोस्मेनं खिनेसला विचारलं. "झोपतो कोणत्या कुशीवर?"

"मला काय ठाऊक? आत्ताच तर विकत घेतलाय."

"मग ठरव. ज्या कुशीवर झोपतो तिथं कातडी घट्टे पडून जाड होणार. वाकतो तिथं घड्या. पोट मऊ, तिथं चामखिळाचं काय काम?" घड्यांत पातळ गडद रंग कसा मुरू द्यायचा, घट्ट्यांवर स्पंजच्या तुकड्यानं फिकट ठिपके कसे उठवायचे, तेही त्यानं करून दाखवलं.

"मास्तर," अरासेली म्हणाली, "परीक्षक असलं काही विचारत नाहीत. एक रंग दुसऱ्यात कसा मिसळलाय, एवढंच ते बघतात."

दारात उभा तोबियास आपल्या बुटांकडे बघू लागला. "असेल बाई," कोस्मे म्हणाला आणि स्पंज उचलून पुढे शिकवू लागला.

जेवणानंतर पुन्हा तासभर काम झालं. शेवटी त्यानं सहाही राक्षस ओळीत मांडायला लावले. "आपल्याबद्दल कुणी बोलायचं नाही. दुसऱ्याचा बघून सांगा, गडी कसा जगलाय ते."

"खिनेसचा दिवसभर पाण्यात बसून असतो," एकानं सांगितलं. "आळशी दिसतो."

"माझ्या सासऱ्यावर गेलाय," खिनेस म्हणाला.

दुसऱ्याचा खांदा भाजलेला निघाला, तिसरा ओझी वाहणारा. अरासेलीच्या राक्षसापुढे मंडळी बराच वेळ उभी राहिली. "सुंदर आहे," कुणीतरी म्हणालं. "फारच सुंदर." पण तो कसा जगलाय, ते कुणालाच सांगता येईना.

"आज सकाळीच जन्मलेला असेल," खिनेस बिचारा सांभाळून घ्यायला म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

अरासेलीनं राक्षस उचलला आणि तोंड फिरवून निघून गेली. संपलं, कोस्मेला वाटलं. पदकवाल्या बाईला दुखवलं, आता कसला दर महिना! तो तुकडे गोळा करू लागला. पाकीला काय सांगायचं, हेही मनात जुळवून ठेवलं.

तेवढ्यात दुकानातल्या मोरीकडून घासल्याचा आवाज आला. अरासेली स्पिरिट ओतून, दात घासायच्या ब्रशनं राक्षस खरवडत होती. दोन आठवड्यांचा गुलाबी रंग नळाखाली वाहून चालला होता. मग तो ओला, करडा, उघडा राक्षस तिनं कोस्मेपुढे ठेवला आणि खुर्ची ओढून बसली.

"उजव्या कुशीवर झोपतो," ती म्हणाली. "सांगा मास्तर, कुठून सुरू करू?"

कारखाना बंद पडल्यापासून दोन वर्षांत त्याला कामाचं असं कुणी विचारलं नव्हतं. कोस्मेनं राक्षसाच्या उजव्या कुशीवर बोट ठेवून जागा दाखवली.