लाल बोरिंग, हिरवी बोरिंग

सकाळचे सात वाजून पाच मिनिटं. रेडिओवर बातम्या लागल्या, आणि तेव्हाच आमच्या बोरिंगपाशी जीप थांबली. तेव्हापासूनचे किस्से गुंडात, म्हणजे हंड्यात, पाणी साचावं तसे साचलेत. थोडे सांडते!

जीपमधल्या माणसाने बोरिंगवर लाल पट्टा ओढला आणि न बोलता गेला.

"मार्का देल्ला," सासूबाई म्हणाल्या. "जंगलात झाडाले देते ना, तसाच. आता उपटून नेते बोरिंग!"

मार्का लागलेलं झाड तुटतंच, हे आमच्याकडे लेकरालाही ठाऊक. दुपारपर्यंत गावाने गुंड, बादल्या, लग्नातली गंज-पातेलीसुद्धा भरून ठेवली. आठ दिवस तेच प्यालो!

*

मग तोच माणूस परत आला. "लाल म्हणजे पिऊ नका. ओटा फुटला, नालीचं पाणी आत मुरून राह्यलं."

माझी दीड वर्षाची पोर तीन दिवसांपासून हगवणीने सुकली होती. "मग लिहून काऊन नाई ठेवलं?"

"वाचते कोन इथी?"

"मी सातवी पास आहो!"

"तुमच्या एकटीसाठी पाटी रंगवू का, बाई?"

*

शेजारच्या कांताबाईचा संशय वेगळाच. "आपल्या बोरिंगले लाल, अन् सरपंचाच्या दारातल्या बोरिंगले हिरवा. रंगबी घर पाहून लागते काय वो?"

मलाही तेच वाटायचं. तरी पोरीसाठी तिथूनच पाणी आणू लागले. सरपंचीणबाई हसली, "शंका आमच्या रंगावर, अन् गुंड आमच्याच बोरिंगवर?"

*

सभा घ्यायला साहेब आले. "पाणी निर्धास्त प्या, काळजी आमची!"

मी पाण्याचा गिलास पुढे केला.

"चहाच चालेल," म्हणाले!

*

पुढे ओट्याला सिमेंट थापलं. पाणी तपासणीवाला भाऊ कागदात गुंडाळलेली शिशी घेऊन आला. मी वावरात होते. शिशी सासूबाईंच्या हाती देऊन म्हणाला, "बोरिंगचं पाणी भरून ठेवा, मी पानठेल्यावरून येतो."

महिन्याने लाल पट्ट्यावर हिरवा चढला. गाव खूश! माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. "शिशी बोरिंगवरच भरली ना?"

"येडी झाली काय?" सासूबाई म्हणाल्या. "सरकारी मानसाले ते पानी देऊ? राखेनं शिशी घासली, अन् तू पोरीसाठी उकळून, गाळून ठेवते ना, ते भरून देल्लं!"

दुसऱ्या दिवशी पोरीला कडेवर घेऊन एस.टी.ने तालुक्याला गेले. हाफिसात सगळं सांगितलं. बाबूने फाईल उघडली, कागद माझ्यासमोर धरला. "पाणी एक नंबर आहे, बाई!"

गावात सांगितलं तर कांताबाईच म्हणते, "तुले साहेबापेक्षा जास्त समजते काय वो?"

म्हणून तुम्हाला सांगते. मार्कंड्याच्या जत्रेत आमच्या गावची कोणी भेटली, कडेवर लेकरू असलं, तर तिला माझा निरोप द्या: पट्टा हिरवा आहे, तरी पाणी उकळ.