ढोलांचा बोजारा

आमच्या पथकाच्या ढोलांवर कुणाचंही नाव नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत आमच्या पुढे एका सोन्याच्या दुकानाचं पथक असतं, मागे एका पुढाऱ्याचं, आणि मधे आम्ही, कोऱ्या पांढऱ्या पानांच्या ढोलांचे. लोक विचारतात, "ताई, तुमचा स्पॉन्सर कोन?" मी सांगते, अख्खी राजापेठ. ते हसतात. हसू देत, मला त्याचं काही वाटत नाही.

मी फुलं विकते. माहेर भातकुलीकडचं, झेंडू-शेवंतीच्या वाफ्यांतलं. सासर राजापेठेतलं, दुकान चौकाच्या जरा अलीकडे. स्वतःच्या सत्काराचे हार स्वतःच फोन करून सांगणारी माणसं मी रोज बघते. "जरा भरगच्च करजा ताई, फोटोत दिसला पायजे." अशा माणसांवर माझं दुकान चालतं, त्यामुळे त्यांचा राग मी करत नाही. पण त्यांच्यापुढे मान झुकवायची वेळ आली, की मला तो फोन आठवतो आणि मान जागच्या जागी राहते.

पथकाची अध्यक्ष मी झाले, ते कुणाला मी हवी होते म्हणून नव्हे. संस्था रजिस्टर करताना कार्यकारिणीत एखादी बाई असलेली बरी, असं कुणीतरी सुचवलं आणि माझी मुलगी तेव्हा ढोल वाजवायची, म्हणून माझं नाव आलं. सचिव एक निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. खजिनदार मेडिकलवाले. ते सांगतील तिथे मी सही करावी आणि बैठकीला चहा करावा, एवढीच दोघांची अपेक्षा होती. चहा मी केला नाही, आणि वाचल्याशिवाय सहीही केली नाही. तेव्हापासून मी 'अवघड बाई' आहे.

पथकातली पोरं-पोरी भाजीवाल्यांची, फळवाल्यांची, काही भातकुलीहून एसटीने शिकवणीला येणारी. क्लास सुटला की शाळेच्या मैदानावर जमायची. सगळ्यांच्या पुढे ताशावर एक भाजीवाल्याची मुलगी. ढोल कितीही असोत, चाल ताशाची असते. तिच्या काड्या थांबल्या की अख्खं पथक थांबायचं. सावळी, किडकिडीत, बोलायला कमी. तिला वाजवताना पाहिलं की मला अभिमान वाटायचा, आणि ती माझी कुणी नाही हे मी विसरून जायचे.

त्या वर्षी आमचे ढोल अगदीच संपले होते. ढोलाच्या तोंडावर ताणून बसवतात त्याला पान म्हणतात. आमची पानं फाटून, चिकटपट्ट्या लावून, पुन्हा फाटली होती. नवी पानं, नव्या दोऱ्या झाल्या नाहीत तर विसर्जनाला उभं राहता येणार नव्हतं. आणि एक वर्ष पथक उतरलं नाही की पोरं दुसऱ्या पथकांत जातात, मुलींना घरचे बसवून ठेवतात, आणि मग पथक कागदावर उरतं. अशी दोन पथकं मी स्वतःच्या डोळ्यांनी मिटताना पाहिली होती.

अशात गुरुजींनी एक दाता आणला. बिल्डर, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. निवडणुकीला उभं राहायची तयारी चालू होती, त्यामुळे त्यांच्या अंगात दानत संचारली होती. सगळे ढोल नवे देतो म्हणाले, अट एकच: प्रत्येक पानावर त्यांचा फोटो. मी बैठकीत विरोध केला. पोरांच्या ढोलावर दुसऱ्याचं तोंड कशाला, म्हटलं. गुरुजी म्हणाले, "बाई, तुमी परतेक गोष्टीत काहून आडव्या जाता? फुकटात भेटून राह्यले ना!" हात वर झाले, ठराव झाला, नवे ढोल आले. गुरुजी स्वतः अकोल्याला गेले आणि पानं छापून घेऊन आले. चांगली छपाई होती, हे मान्य करायला हवं. पानभर चेहरा, कपाळावर टिळा, हात जोडलेले. कार्यकारिणीतले सगळे त्या पानांकडे कौतुकाने बघत होते. आमच्यातला प्रत्येक जण वर्षानुवर्षं ढोल ऐकत आलेला, तरी पुढे काय होणार ते एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

भाऊंच्या नव्या ऑफिसचं उद्घाटन होतं. मांडव, खुर्च्या, माझ्याच दुकानातला भरगच्च हार. पथक समोर उभं राहिलं. ताशाच्या काड्या तडतडल्या, मुलीने मान हलवली, आणि सगळ्यांची टिपरं ढोलांवर एकदम पडली. भाऊंच्या नाकावर. दुसरा ठोका, पुन्हा नाकावर. मग पोरं रंगात आली. पोरांचं काही चुकत नव्हतं, टिपरू पानाच्या मधोमधच पडायला हवं, तेच तर आम्ही त्यांना शिकवलं होतं. रांगेने उभे असलेले सगळे भाऊ हात जोडून मार खात होते आणि खरे भाऊ हार घालून समोर बसले होते. आधी मागच्या खुर्च्यांवरून एक हसू फुटलं, मग मांडवभर पसरलं. कोणीतरी ओरडलं, "आन मार, अजून मार!" मोबाईल वर झाले. मी पदर तोंडात कोंबला, पण उपयोग झाला नाही. इतकी मी गेल्या कित्येक वर्षांत हसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी भाऊंचा निरोप आला. फोटो काढून टाका, त्या जागी नाव टाका. पथकालाही त्यांचंच नाव द्या. आणि झाल्या प्रकाराची भरपाई म्हणून निवडणूक होईस्तोवर ते म्हणतील त्या सभेला, म्हणतील त्या पक्षप्रवेशाला पोरं वाजवायला आली पाहिजेत. नाहीतर ढोल परत करा.

मेडिकलच्या मागच्या खोलीत बैठक बसली. गुरुजींनी ठराव लिहूनच आणला होता. माझं हसू एव्हाना पार विरलं होतं. मला संताप आला होता. पोरं वर्षभर घाम गाळतात, हाताला फोड येतात, मुली घरी भांडून येतात, ते काय कुणाच्या सभेची गर्दी वाढवायला? मी सही करणार नाही म्हटलं.

"मंग पोरं वाजवतीन कायच्यावर? तेलाच्या डब्यावर?" गुरुजी भडकले.

"डब्यावर वाजवतीन. डब्बा त्याइचा तर राहीन!"

कोणीतरी म्हणालं, अध्यक्ष बदलू. म्हटलं, बदला, पण आधी मैदानावर चला आणि पोरांना तोंडावर सांगा की आजपासून तुम्ही भाऊंचे. कोणी उठलं नाही. मी एकटी गेले. सगळं जसं आहे तसं सांगितलं, ढोल गेले तर विसर्जन बुडू शकतं हेही सांगितलं. ताशावाल्या मुलीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकू, वापस न्यायले हातगाडी भेटीन का?" तिच्या बापाच्याच भाजीच्या गाडीवरून ढोल परत गेले.

आता आमच्याकडे जुने ढोल आणि त्यांची फाटकी पानं होती आणि पोळा तोंडावर आला होता. गणपती त्याच्या मागोमाग. दुकानात बेगड-गोंड्यांची गिऱ्हाइकं सुरू झाली, आणि मला माझे वडील आठवले. पोळ्याला ते सजवलेली जोडी घेऊन घरोघरी जायचे. बाया बैलांचे पाय धुवायच्या, कपाळाला कुंकू लावायच्या, पुरणपोळी भरवायच्या आणि बोजारा द्यायच्या. कोणी धान्य, कोणी पैसे. एरवी सावकाराच्या ओट्यावर चप्पल काढून उभे राहणारे वडील त्या दिवशी मात्र कुणापुढे वाकायचे नाहीत. मी एकदा विचारलं होतं, त्यावर ते म्हणाले होते, "आपन मागून नाई राह्यलो. वर्षभर राबला तो बैल, हे त्याचं हाय."

गुरुजींना सांगितलं, तान्ह्या पोळ्याला ढोल काढू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलं लाकडी बैल घेऊन बोजारा मागत फिरतात. त्या दिवशी आमची पोरं ढोल घेऊन फिरतील. गुरुजी म्हणाले, "पोराइले भीक मागायले लावता?"

"भीक तर आपन आतापर्यंत मागत होतो, गुरुजी."

गुरुजी म्हणाले, "झोळी मी धरतो." त्या क्षणी तो माणूस मला पहिल्यांदा आवडला.

ढोलांना झुली घातल्या, बेगड लावली, गोंडे बांधले, माझ्या दुकानातला झेंडू वाहिला. चिकटपट्ट्यांचे ढोल तसे भसाडेच वाजत होते. पण दारं उघडत गेली. बाया आधी बिचकल्या, मग त्यांना कळलं, आणि मग त्यांनी ते केलं जे बैलांसाठी करतात: पोरांच्या पायांवर पाणी घातलं, ढोलाला कुंकू लावलं, झोळीत गहू टाकले, तूर टाकली, नोटा टाकल्या. एका म्हातारीने पुरणपोळी थेट ढोलासमोर धरली आणि ढोल खाईना म्हणून वाजवणाऱ्याला भरवली. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही. दुपारपर्यंत गुरुजींना झोळी एकट्याने उचलेना. नव्या पानांची सोय झाली होती.

तेवढ्यात भाऊंचा बंगला आला. मेडिकलवाले म्हणाले, हे घर सोडून देऊ. मी म्हटलं, बोजाऱ्याच्या दिवशी दार टाळायचं नसतं. बैल वैऱ्याच्याही दारात उभा राहतो.

पथक फाटकासमोर उभं राहिलं आणि वाजवू लागलं. आधी भाऊंची बायको आली, ताट घेऊन. तिने सगळं रीतीने केलं. मागून भाऊ आले, हातात पाकीट. पाकिटावर त्यांचा तोच फोटो छापलेला, हात जोडलेला, खाली नाव ठळक. बरोबरच्या माणसाने मोबाईल वर धरला. भाऊ म्हणाले, "अध्यक्षबाई, पाकीट समोर धरा जरा, नाव दिसू द्या. आन पावती घरी पाठवजा."

माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं. पण ताशा थांबला, म्हणून सगळेच थांबले. ती मुलगी पुढे आली. काड्या काखेत धरल्या, दोन्ही हातांनी पाकीट घेतलं, फाडलं नाही, नीट उघडलं. आतल्या नोटा काढून गुरुजींच्या झोळीत, गव्हावर टाकल्या. मग रिकामं पाकीट पुन्हा बंद केलं आणि भाऊंच्या हातात दिलं.

"आमाले बोजारा पोचला, सायेब," ती म्हणाली. "हे तुमचं तुमाले."

तिने काड्या हातात घेतल्या. पोरांनी टिपरं उचलली. आम्ही पुढच्या दाराकडे वळलो, आणि भाऊ फाटकात स्वतःचा फोटो हातात धरून उभे होते.