न हलवायची गाडी

कुशाबा परबांना गाडी चालवता येत नाही. तरीही लालबागच्या रामेश्वर निवासमधली एकही गाडी त्यांच्यावाचून फाटकाबाहेर पडत नाही.

चाळीच्या पटांगणात नऊ गाड्या नीट मावतात. आहेत चौदा. त्यामुळे त्या एकमेकींच्या नाकाला शेपूट लावून उभ्या असतात, आणि सगळ्यांसाठी नियम एकच: गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, हँडब्रेक लावायचा नाही. कुणाला निघायचं असलं की कुशाबा लेंगा वर खोचतात, मधल्या गाडीला खांदा लावतात आणि ती चार हात पुढे किंवा मागे सारतात. कोण किती वाजता निघतं, कोण शनिवारी उशिरा उठतं, कुणाचं सासरी भांडण झालंय म्हणून ती गाडी आज हलायची नाही, हे त्यांना पाठ. लोअर परळच्या एका ऑफिसात एकतीस वर्षं त्यांनी लिफ्ट चालवली. कोण कितव्या मजल्यावर जाणार हे न विचारता ओळखायचं, ही तिथली सवय.

पंचेचाळिसाव्या वर्षी एकदा ते ड्रायव्हिंग स्कूलला गेले होते. तिसऱ्या दिवशी भारतमाता टॉकीजच्या सिग्नलला गाडी बंद पडली. मास्तर 'क्लच, क्लच' म्हणेपर्यंत कुशाबा खाली उतरून मागून ढकलत होते. शिक्षण तिथेच थांबलं.

या कामाचा त्यांना पगार नाही. कुणी दिला असता तर त्यांनी घेतलाही नसता. पण सकाळी सातला खालून "कुशाबाकाका" अशी हाक आली की त्यांचा चेहरा कसा होतो, ते त्यांची बायको अंबिका सोळा वर्षं पाहते आहे.

ही हाक बंद व्हायची वेळ आणली बावीस नंबरच्या हितेंद्रने. हितेंद्र चाळीचा सेक्रेटरी, वय अडतीस, आठवड्यातले चार दिवस घरूनच काम. त्याचं म्हणणं, पटांगणात पांढरे पट्टे मारून नऊ चौकटी आखायच्या, नंबर घालायचे, चिठ्ठ्या टाकायच्या. उरलेल्या पाच गाड्या रस्त्यावर. रविवारच्या मीटिंगमध्ये विषय ठेवला होता.

"काका, तुम्हालाही आराम," तो म्हणाला होता.

आराम या शब्दावर कुशाबा दोन दिवस धड जेवले नाहीत.

त्याच आठवड्यात हितेंद्रला त्यांची गरज पडली. शिमग्याला गावाहून येताना पुढच्या ट्रकच्या चाकातून एक खडा उडून त्याच्या गाडीच्या पुढच्या काचेला लागला होता. तेव्हा तांदळाएवढा तडा होता. एप्रिलच्या उन्हात तो रोज दोन बोटं पुढे सरकत आरशापर्यंत पोचला. विमा कंपनीने सांगितलं, आमची माणसं घरी येऊन काच बदलतील, तुम्ही फक्त तयारी ठेवा. तयारीची यादी मोबाइलवर आली.

शुक्रवारी दुपारी हितेंद्रने मोबाइल कुशाबांपुढे धरला. "काका, हे वाचा."

"चष्मा वर राहिला. तूच वाच."

"उद्या सकाळी दहाला माणसं येणार. गाडी सपाट जागी आणि सावलीत हवी. दोन्ही बाजूंची दारं पूर्ण उघडतील एवढी जागा. आसपास धूळ नको. काच बसल्यावर दीड तास गाडी हलवायची नाही आणि दार आपटायचं नाही."

"दीड तास?"

"बघा. चौकटी असत्या तर हा प्रश्न आलाच नसता."

कुशाबांनी पटांगणाकडे पाहिलं, मग हितेंद्रकडे. "हलणार नाही."

"इथे? दीड तास?"

"सांगितलं ना, हलणार नाही."

हितेंद्र हसला. "ठीक आहे. नाही हलली, तर रविवारी पट्ट्यांचा विषय मी स्वतः मागे घेतो. हलली, तर सोमवारी रंगवाला येईल."

"मी ऐकलंय हां," तळमजल्याच्या गॅलरीतून अप्पा सामंत म्हणाले. "मी साक्षीदार."

अप्पांना साक्षीदार होण्याखेरीज काही कामच नव्हतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला आणि मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर आलं. सहा आठवडे पाय ताठ समोर धरून ते स्टुलावर ठेवत होते आणि प्लास्टरच्या आत सुनेची, मृणालिनीची, स्वेटर विणायची सुई घालून खाजवत होते. शनिवारी संध्याकाळी पाचला प्लास्टर निघणार होतं. ते त्या पाचची वाट दिवाळीसारखी पाहत होते.

कुशाबांनी अप्पांच्याच कॅरमबोर्डवर बेत आखला. सोंगट्या म्हणजे गाड्या, स्ट्रायकर म्हणजे हितेंद्रची. सावली फक्त फाटकाजवळच्या बदामाखाली, म्हणून स्ट्रायकर तिथे. शेजारच्या दोन सोंगट्या शनिवारपुरत्या रस्त्यावर. स्ट्रायकरच्या मागे कोपऱ्यात मृणालिनीची गाडी.

"सुनेची गाडी अडकली की," अप्पा म्हणाले.

"तुम्हाला पाचला पोचायचं. दुपारी दीडला आपण मोकळे."

राहिली धूळ. धूळ म्हणजे मिरच्या. उन्हाळ्यात पटांगणाचा मधला उन्हाचा भाग बायकांचा. वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या तिथे चादरींवर वाळत पडतात, आणि दर तासाला कुणीतरी चादर झटकून त्या वरखाली करतं. त्या राज्याची मुख्य अंबिका. कुशाबा तिच्याकडे गेले तेव्हा ती बेडगीचे देठ काढत होती.

"उद्या दहा ते दीड चादरी झटकायच्या नाहीत," त्यांनी सांगितलं.

"आणि माका काय मिळात?"

"काय पाहिजे?"

अंबिकेने खडू घेतला आणि मिरच्यांभोवती लांबलचक रेघ मारली. "परवा मिरच्या डंकावर कुटूक जातंत. तोपर्यंत हेच्या आत एक चाक इला नाय पायजे."

"नाही येणार."

"शब्द?"

"शब्द."

असे एका दिवसात त्यांनी दोन शब्द दिले.

शनिवारी पहाटे कुशाबांनी आणखी एक तयारी केली, ती यादीत नव्हती. माणसं येणार, गाडी अशी मळकी कशी दाखवायची, म्हणून त्यांनी चार बादल्या पाणी घालून ती धुतली. काचेच्या कडांमध्ये तर बोटाने पाणी सोडलं.

दहाला कंपनीची व्हॅन आली. शिवा नावाचा कारागीर आणि त्याचा जोडीदार नवी काच घेऊन उतरले. शिवाने गाडीच्या कडेवरून बोट फिरवलं. "कोणी धुतली?"

"मीच," कुशाबा म्हणाले. त्यांना वाटलं, कौतुक होणार.

"काका, काच चिकटवायचं सीलंट ओल्यावर धरत नाही. ही फ्रेम खडखडीत सुकली पाहिजे."

मग दुसऱ्या मजल्यावरच्या श्रेयाचा हेअर ड्रायर मागवला. गॅलरीतून वायर सोडली, आणि कुशाबा अर्धा तास गाडीच्या कडा वाळवत उभे राहिले.

"आता भांग पाडा," अप्पांनी गॅलरीतून सुचवलं.

डॅशबोर्डवरचा चिकटवलेला गणपती हितेंद्रच्या आईने दोन्ही हातांनी उचलून घरात नेला. जुन्या काचेवरचा फास्टॅग काढताना फाटला. तो नवा घ्यावाच लागतो, असं शिवा म्हणाला. मग त्याने बॉनेटला टेकून पुढे वाकायला म्हणून हात ठेवला, तर गाडी वीतभर मागे सरकली.

"हँडब्रेक नाही?"

"इथे कोणी लावत नाही," कुशाबा म्हणाले.

"आज लावू." शिवाने दार उघडून कर्रकन हँडब्रेक ओढला. तो आवाज कुशाबांना आपल्याच मणक्यातून आल्यासारखा वाटला. हितेंद्रला यातलं काही कळलं नाही. तो वर लॅपटॉपपुढे मीटिंगमध्ये होता.

तारेने कडेचा जुना गोंद कापून त्यांनी काच बाहेर काढली, कडा खरवडल्या, काळं सीलंट फिरवलं, आणि रबरी वाट्यांच्या मुठी लावून दोघांनी नवी काच अलगद बसवली. वर पट्ट्या चिकटवल्या. दारांच्या काचा बोटभर खाली ठेवल्या, म्हणजे दार लावताना हवेचा दाब काचेवर यायला नको. बारा वाजले होते.

"दीडपर्यंत हात नाही लावायचा," शिवा म्हणाला, आणि व्हॅन पुढच्या कामाला वरळीला गेली.

कुशाबा स्टूल घेऊन गाडीपुढे बसले. वरून हितेंद्र अधूनमधून डोकावे आणि घड्याळावर बोट ठेवून दाखवे. कुशाबाही मनगटावर बोट ठेवत. त्यांच्या मनगटाला घड्याळ नव्हतं.

पाऊण वाजता मृणालिनी फाइल घेऊन बाहेर आली. "काका, हॉस्पिटलचा फोन होता. डॉक्टर संध्याकाळी गावी जातायत. दोनच्या आत या, नाहीतर आठ दिवसांनी. पोचायलाच अर्ध्या तासाच्या वर लागतो, दीडपर्यंत थांबून चालायचं नाही."

अप्पांच्या हातातली सुई प्लास्टरमध्येच थांबली. "आठ दिवस?"

"टॅक्सी बघितली?" कुशाबांनी विचारलं.

"टॅक्सीत यांचा पाय आडवा केला की दार लागत नाही. हॉस्पिटलमधून आणताना बघितलंय, त्यातच पाऊण तास गेला होता. माझ्या गाडीची पुढची सीट पूर्ण मागे पडते, तीच बरी." तिने आवाज खाली आणला. "हितेनला विचारू? चारच हात पुढे घेतली तर मी निघते."

"विचारू नकोस."

"कुशाबा," अप्पा म्हणाले, "माझं सोड. मी सहा आठवडे काढले, अजून आठ दिवस काय." आणि हे म्हणताना त्यांनी इतक्या जोरात खाजवलं की सुई वाकली.

कुशाबा उठले. मृणालिनीची गाडी निघायला दोनच वाटा होत्या. एक हितेंद्रच्या गाडीतून. दुसरी मिरच्यांतून. ते खडूच्या रेघेपर्यंत गेले आणि चपला काढून उभे राहिले.

"काय झाला?" अंबिकेने मान वर न करता विचारलं.

त्यांनी सांगितलं.

"शब्द दिल्यात ना?"

"दिला. म्हणून तर इथे उभा आहे."

अंबिकेने गॅलरीतल्या अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी सुई पाठीमागे लपवली.

"चाक आत येवचा नाय, असा ठरला होता," ती सावकाश म्हणाली. "मिरच्येन उठूचा नाय, असा काय ठरूक नव्हता. पण उद्या तुमी माझ्याबरोबर डंकावर येतलात. सोळा वर्षां गाड्येची कारणां सांगतास."

"उद्या मीटिंग आहे."

"माहीत हा."

कुशाबांनी हितेंद्रच्या खिडकीकडे पाहिलं. उद्या पट्ट्यांचा निकाल, आणि आपण रांगेत. मग ते म्हणाले, "येतो."

"उचला गे," अंबिकेने हाक दिली.

पाच चादरी होत्या. एकेका चादरीची चार टोकं चार बायकांनी धरली, आणि बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी अशी एकामागून एक लाल झोळी पटांगणातून जिन्याकडे निघाली. आपली मिरची दुसरीच्या मिरचीत सांडू नये म्हणून प्रत्येकीची नजर आपल्याच झोळीत होती. दुसऱ्या चादरीला पहिली शिंक आली, आणि पाचव्यापर्यंत सगळी चाळ शिंकत होती. कुशाबांनी शिंकत शिंकतच तीन गाड्या मागे रेटल्या. अप्पांना खुर्चीसकट गाडीपर्यंत आणून सीटवर निजवलं. मृणालिनी खडूच्या रेघेवरून, मिरचीच्या बियांवरून, गाडी हळूहळू फाटकाकडे घेऊन निघाली.

एवढा गलका ऐकून हितेंद्र कानात इअरफोन तसेच ठेवून खाली धावला. तेव्हा मृणालिनीची गाडी फाटकापाशी वळताना चार बोटांसाठी अडली होती. हितेंद्रने इकडेतिकडे पाहिलं, शेजारच्या गाडीच्या बॉनेटवर दोन्ही हात टेकले आणि जोर लावला.

गाडी जागची हलली नाही.

"अडकलीये," तो म्हणाला. "काका, या ना, एक हात लावा."

कुशाबांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "मी नाही बाबा."

"अहो, चार बोटांचं तर काम आहे."

मृणालिनीच्या गाडीच्या खिडकीतून आडव्या अप्पांचा आवाज आला. "हितेन, ती तुझीच आहे."

हितेंद्रने हातांकडे पाहिलं, नव्या काचेकडे पाहिलं, आणि तापलेल्या तव्यावरून उचलावे तसे हात उचलले. जिन्यावर एक चादर इतकी हसली की दोन मूठ काश्मिरी खाली सांडली.

"हलली का?" त्याने बारीक आवाजात विचारलं.

"हँडब्रेक आहे," कुशाबा म्हणाले. "नाही हलली."

मृणालिनीने थोडं मागे घेऊन दुसऱ्यांदा वळण घेतलं आणि ती गेली. तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. उरलेली दहा मिनिटं कुशाबा आणि हितेंद्र दोघेही गाडीपासून दोन हात लांब, एकमेकांकडे न पाहता उभे राहिले.

रविवारी अकराला चाळीत मीटिंग भरली तेव्हा कुशाबा मसाल्याच्या गल्लीत, डंकापुढच्या रांगेत, नाकाला रुमाल बांधून उभे होते. आतली मुसळं धबाधबा पडत होती. रांगेत माणसांपेक्षा डबेच जास्त होते. बायका डबा ठेवून सावलीला बसत आणि नंबर आला की उठत. कुशाबांचं लक्ष आपल्या खिशातल्या फोनवर होतं.

पावणेबाराला फोन वाजला. अप्पा होते.

"काय झालं?" कुशाबांनी विचारलं.

"पाय मोकळा आहे. वाकत नाही अजून, पण खाजवता येतो."

"अप्पा, मीटिंगचं."

"विषय मागे घेतला. शब्दाला जागला पोरगा. म्हणाला, पट्टे मारून काय करू, माझेच हात ऐकत नाहीत. मग मीच सुचवलं, एक तरी चौकट मारा बदामाखाली, कुणाची काचबीच बदलायची असली तर. ती मंजूर झाली."

"एकच?"

"एकच. आणि सगळे विचारतायत, तू कधी येतोस. चार नंबरवाल्यांना वांद्र्याला जायचंय आणि निघता येत नाहीये."

कुशाबांनी फोन खिशात ठेवला. बदामाखालची एक चौकट. नीट लावल्या तर दोन मावतील, तिसरीचं नाक तेवढं बाहेर राहील. त्यांनी रांगेकडे पाहिलं. एक म्हातारी किलोभराची पिशवी घेऊन सगळ्यांच्या शेवटी उभी होती, आणि पुढे दोन मोठ्या डब्यांचे मालक चहाला गेले होते. कुशाबांनी पायाने पहिला डबा हलकेच उजवीकडे सारला, दुसरा डावीकडे, आणि म्हातारीला मधून पुढे यायची खूण केली.

"अहो," मागून अंबिका म्हणाली, "हंय पण ढकलूक लागलात?"