भागोजीच्या बॉटलब्रशचा राब

कुडपणच्या भागोजीला मी माळी म्हणत नाही. माळ्याला झाड कळतं. हा उभी हयात महाड एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवर पाइप धरून उभा राहिला, आणि बॉटलब्रशच्या झाडाला लाल फुलांचे ब्रश लटकले की साहेब खूश होतात, एवढंच शिकला. रिटायर होऊन गावी आला तोही गळ्यात जुनं ओळखपत्र घालूनच.

मग साहेबांच्या मागे लागून त्याने कंपनीची झाडं लावायची योजना गावात आणली. गावाच्या सामाईक उतारावर ऐनाची झाडं होती. दर उन्हाळ्यात कुडपणवाले ऐनाचे टहाळ तोडतात, वाळवतात आणि भात पेरायच्या तुकड्यावर पसरून जाळतात. हाच राब. जमीन भाजली की तण मरतं, रोप जोमाने येतं. भागोजीने ते ऐन मुळासकट काढायला लावले आणि त्यांच्या जागी बॉटलब्रश लावले. म्हणे, बोडके दिसतात, फोटोत वाईट येतात. मी महाडहून भांडायला गेलो तर मलाच सुनावलं, की महाडवाल्यांनी मोर्चे काढावेत, बागेतलं त्यांना काय कळतं. गाव मध्ये पडलं नाही. गावाने कंपनीची बिर्याणी खाल्ली होती.

एकटी त्याची विधवा भावजय साळूबाई आपल्या बांधावरच्या ऐनाला पाठ लावून बसली. आधी मला तोडा, म्हणाली. तेवढा एक ऐन वाचला.

बॉटलब्रश वाढले, फुलले, भागोजी त्यांच्यापुढे फोटो काढून घेत राहिला. यंदा राबाची वेळ आली तेव्हा गाव शिव्या घालत टहाळासाठी लांबच्या डोंगरावर गेलं. हा साहेबांचा माणूस, डोक्यावर भारा कसा घेणार? याने बॉटलब्रशच छाटले आणि पेटवले. तेलकट पाला, भर्रकन पेटला नि विझला. जमीन काळी झाली, भाजली नाही. पाऊस पडल्यावर भाताआधी तणच वर आलं.

लावणीच्या दिवसांत भागोजी साळूबाईच्या बांधावर येऊन उभा राहिला. मीही तिथेच होतो. हवामान कसं बदललंय यावर आधी त्याने भाषण दिलं. मग रोपं मागितली.

साळूबाई त्याच ऐनाच्या राबावर आलेल्या रोपांच्या मुठी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "देते की भावोजी, नाय कुठं म्हनते? पर आधी त्या ऐनाच्या पाया पडा."

पडला. कोणी फोटो काढत नाही ना, हे बघून पडला. उठल्यावर ओळखपत्राला लागलेला चिखल पुसला, आणि मग मुठी उचलल्या.