आई का पडली, याची कंपनीची उत्तरं

आई पडली ती गोळ्यांमुळे. बाबा गेल्यानंतर तिला उदासीवर गोळ्या सुरू झाल्या, त्यांनी रक्तातलं सोडियम उतरलं, चक्कर आली आणि खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलनं तसं लिहूनही दिलं होतं. आम्ही बेळगावच्या ग्राहक न्यायालयात गोळ्या बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावला, तरी कंपनीचा वकील दर तारखेला नवं उत्तर घेऊन यायचा. आधी म्हणाला, दोष आजाराचा, अशी माणसं पडतातच. मग म्हणाला, धोका डॉक्टरांना कळवला होता, पुढचं डॉक्टर जाणोत. शेवटी म्हणाला, खोक्यातल्या कागदावर सगळं छापलेलं आहे.

तो कागद आमच्या घरात कधी आलाच नव्हता. गल्लीत कळू नये म्हणून काका गोळ्या लांबच्या मच्छे गावातल्या औषधाच्या दुकानातून आणायचे, आणि खोकं तिथंच ठेवायला सांगायचे. बसमध्ये कुणी नाव वाचलं तर? आमच्याकडे साखरेच्या आजाराच्या गोळ्या ताटाशेजारी मांडून ठेवतात. या मात्र डाळीच्या डब्यामागे.

"कागद इंग्रजीत. यांना कुठं वाचता येतं?" आमचे वकील म्हणाले.

"मुलगी इंग्लिश मीडियमची आहे," समोरच्यानं माझ्याकडे बोट केलं. सगळे वळून बघायला लागले. मी ओढणीचं टोक बघत बसले.

"घे," आई कानाशी पुटपुटली, "तुझी शाळा उपयोगाला आली बघ. त्यांच्या."

"वाचायला कागद हातात पायजे का न्हाय?" काका तावातावानं म्हणाले. खोकं कुणी ठेवायला लावलं, हे ते सोयीनं विसरले होते.

बाहेर व्हरांड्यात तो वकील माझ्याशीच बोलायला आला, इंग्रजीत, अगदी गोड आवाजात. कंपनी भरपाई देईल. आईनं फक्त लिहून द्यायचं, की ती मनाच्या आजारामुळे पडली. तुम्ही शिकलेल्या आहात, समजवा त्यांना.

मी आईला मराठीत सांगितलं. काकांचा चेहरा उजळला. "सही करून टाक वैनी. लई हेलपाटं झालं."

"मला चक्कर आलती," आई म्हणाली. "येड न्हवतं लागलं. पर ह्ये मला येडीच लिवून घेणार. न्हाय करत सही."

वकील माझ्याकडे बघत थांबला. मी काहीतरी मऊ करून सांगेन, अशी त्याला खात्री असावी.

"ती नाही म्हणतेय," मी म्हटलं. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "पुढची तारीख घ्या."

काका कपाळाला हात लावून रिक्षा बघायला गेले.