मिटलेले डोळे

चहा द्यायला खोलीत गेले, तर ह्यांच्या लॅपटॉपवर चौकटीचौकटीत माणसं डोळे मिटून बसलेली. सगळी ह्यांच्यासारखीच, लोकांना गुंतवणुकीचा सल्ला देणारी. ऑनलाइन कोच सांगत होते, "पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल, ते डोळ्यांसमोर आणा. तेच तुमचं ध्येय!"

मला ती शांतता शोकसभेतली वाटली. जन्मभर दुसऱ्यांच्या उद्याची काळजी वाहायची आणि स्वतःचा उद्या असा अंधारात चाचपडायचा!

"काय दिसलं?" कोचनी ह्यांना विचारलं.

"मोठं ऑफिस, सर!" हे हसून म्हणाले.

वर्ग संपला. एकेक चौकट विझत गेली.

"खरंच दिसलं?" मी हळूच विचारलं.

निवलेला चहा हातात घेत हे म्हणाले, "हीच खुर्ची दिसली गं. आणि समोर हेच सर."