शून्य अंश

कचेरीत सगळे तिला ताई म्हणत. नवजात बाळांच्या ऊबपेटीचा प्रोग्राम ती रस्ट या संगणकाच्या भाषेत लिहायची. ही भाषा भारी खाष्ट. सेन्सरकडून तापमानाचा आकडा आलाच नाही तर काय करायचं, हे सांगितल्याशिवाय ती पुढे सरकूच देत नाही. एकदा घाईत ताईने तिचं तोंड बंद करायला लिहून टाकलं, आकडा नसेल तर शून्य धर.

मग एका इस्पितळात बाळाच्या पोटावरच्या सेन्सरची वायर निसटली. आकडा येईना, म्हणून पेटीने शून्य धरलं; तिला वाटलं, बाळ गार पडलंय. ती तापतच गेली. नर्सच्या वेळीच लक्षात आलं म्हणून बाळ वाचलं, पण पाठ भाजली.

"वायरी निसटतातच," कचेरीत बातमी आली तेव्हा साहेब म्हणाले. "तू कशाला जिवाला लावून घेतेस?"

ताई परत संगणकाशी बसली. तिने ती ओळ खोडली. आकडा नसला की तापणं बंद आणि भोंगा सुरू, असं लिहिलं आणि ते पेटीत घालायला स्वतः इस्पितळात गेली.

काम आटोपून ती बाळाच्या खोलीच्या दारात आली, तर आत बाळाशेजारी त्याची आई बसली होती. "तुम्हीच पेटी दुरुस्त केलीत ना? देवासारख्या आलात."

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बिघडवलीही मीच होती," ती कशीबशी म्हणाली. "'माहीत नाही' म्हणायचं तिथे मी शून्य लिहिलं."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिने बाळाला कुशीवर वळवलं आणि पाठीला मलम लावू लागली. ताईला आत जाववेना, तिथून निघवेना.